रुळांपाशी ऐकणारी बाई

शाळेची पिवळी बस रेल्वेच्या रुळांपाशी आली की थांबलीच पाहिजे. गाडी यायची असो नसो, थांबायचं, पुढचं दार सताड उघडायचं, आपल्या बाजूची खिडकी सरकवायची, दोन्हीकडे बघायचं आणि कान देऊन ऐकायचं. मिनेसोटातल्या थंडीत दार उघडलं की पुढच्या बाकांवरच्या पोरांच्या नाकांचे शेंडे लाल होतात, तरी उघडायचंच. तेवढा वेळ पोरांनी चिडीचूप बसायचं. नॉर्डली गावच्या शाळेत हे काम आर्लिस थोर्सगार्डइतकं मन लावून कोणी करत नसे. ती तळवा पोरांकडे करून हात वर धरी आणि अख्खी बस गप्प होई. मग मान जराशी कलती करून, डोळे बारीक करून ती अशी काही ऐके, की बघणाऱ्याला वाटावं, बाईला पार कॅनडाच्या हद्दीवरची शिट्टी ऐकू येत असणार.

खरं सांगायचं तर तिला काही म्हणजे काही ऐकू येत नसे.

एकदम झालं नव्हतं ते. आधी शेजारच्या खोलीतलं बोलणं गेलं. मग चर्चमधले पाद्रीबाबा गेले, म्हणजे ते तिथेच होते, त्यांचं प्रवचन गेलं. मग फोन गेला. आता साठी उलटल्यावर, समोरच्याचं तोंड दिसत नसेल तर सगळं बोलणं नुसतं गढूळ पाणी होऊन गेलं होतं. गंमत अशी की बसच्या घरघराटात तिचं बरं चाले. तिथे सगळेच ओरडून बोलतात. पोरं आरशात दिसतात, त्यांची तोंडं दिसतात. त्यामुळे बसमधली आर्लिस आणि घरातली आर्लिस या दोन वेगळ्या बायका होत्या, आणि बसमधली जास्त हुशार होती.

तिच्याकडे युक्त्या कमी नव्हत्या. जेवायला कुठे गेलं की पाठ भिंतीला लावून बसायचं. कोणी बोलायला लागायच्या आत आपणच बोलत सुटायचं. लोक हसले की हसायचं, लोकांनी च्-च् केलं की च्-च् करायचं. दर दोन वर्षांनी ड्रायव्हर लोकांची तपासणी होई. त्यात दवाखान्यातले म्हातारे डॉक्टर पाच फुटांवर बाजूला उभे राहून कुजबुजत आकडे बोलत आणि ड्रायव्हरने ते परत म्हणायचे. आर्लिस खुर्ची अशी सरकवून बसे की औषधांच्या कपाटाच्या काचेत डॉक्टरांचं तोंड दिसावं. डॉक्टरांना वाटे, बाईचा कान सशाचा आहे. घरी येताना ती गाडीत स्वतःशीच बजावे की ही फसवणूक नाही, हे कसब आहे. तिला स्वतःलाही ते फारसं पटत नसे.

कानाचं यंत्र का नाही लावलं, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर तिच्या बापात होतं. ऑल्विन हा शेतकरी, साखरेच्या बीटचं पीक काढणारा, आणि चाळिशीतच ठार बहिरा. त्याच्या शर्टाच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी असे आणि तिची वायर कानात. चर्चमध्ये सगळे मान खाली घालून प्रार्थना करत असले की नेमकी ती डबी शीळ घाली. त्याला स्वतःला ती ऐकू येत नसे, बाकी सगळ्यांना येई. पोरं खुदुखुदु हसत आणि बारा वर्षांची आर्लिसही त्यांच्यासोबत हसे. एकदा तो तिला न्यायला शाळेपाशी आला आणि सगळ्यांसमोर, बहिरी माणसं बोलतात तशा खड्या आवाजात, त्याने तिला हाक मारली. तिने ऐकलंच नाही असं दाखवलं, मागच्या दाराने निघाली आणि बीटच्या शेतातून चिखल तुडवत घरी आली. तो अंधार पडेपर्यंत पिकअपमध्ये तिची वाट बघत बसला होता. घरी आल्यावर त्याने विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

आता तेच तिच्या कानात उतरलं होतं. तिला वाटे, हे आपल्याला मिळालंय ते बरोबरच मिळालंय. पण वायर नको, डबी नको, आणि पोरांचं ते हसू तर नकोच.

बस तिची जान होती. कोणत्या पोराच्या कुत्र्याचं नाव काय, कोणाच्या घरी आईबाप वेगळे झालेत, कोणाला सकाळी उठायला उशीर होतो, सगळं तिला पाठ. उशीर करणाऱ्यांसाठी ती त्यांच्या घराच्या फाटकापाशी हॉर्न न वाजवता थांबे. पुढच्या उजव्या बाकावर ब्रिना बसे. शाळेच्या गाड्यांचा सगळा कारभार बघणाऱ्या डेल्मर क्विस्टची ही नात, तिसरीत होती, समोरचे दोन दात पडलेले. रुळांपाशी सगळं बघून-ऐकून झालं की ही पोरगी आरशात बघून अंगठा वर करी. आर्लिसला वाटे, पोरांचं काहीतरी खूळ. तीही हसून अंगठा दाखवी आणि मग दार बंद करून ब्रेक सोडी. गेली दोन वर्षं हे चाललं होतं. त्यातलं पहिलं वर्ष त्या बाकावर सोरेन बसे, तोही असंच करायचा, तो आता मागच्या बाकावर मोठ्या पोरांत बसत होता.

मग ती धुक्याची सकाळ आली.

ऑक्टोबर संपत आला होता. बीटची काढणी जोरात होती, रस्त्यांवर ट्रकांनी आणलेला चिखल होता आणि नदीकडून असं धुकं चढलं होतं की बसचं नाकही धड दिसेना. त्या फाट्यावर रुळांना फाटक नाही, दिवा नाही, फक्त फुलीची पाटी आहे. आर्लिसने बस थांबवली. हात वर केला. दार उघडलं, खिडकी उघडली. डावीकडे पांढरं. उजवीकडे पांढरं. मान कलती करून तिने नेहमीसारखं ऐकलं. शाळेत पोहोचायला आधीच उशीर झाला होता. तिने दार लावलं, ब्रेक सोडला आणि बस पुढे सरकली. त्या दिवशी आरशात बघायचं राहिलंच.

तोच मागे एकच गिल्ला उठला. आर्लिसने आरशात बघितलं तर चाळीस पोरं उभी, काही बाकांवर चढलेली, सगळ्यांची तोंडं उघडी, हात हवेत. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. खेळायला जागा हीच सापडली? रुळांवर? पोरं उभी असताना बस हलवायची नाही हा तिचा नियम, आणि तो मोडला की ती कोणाच्या बापाला ऐकत नसे. तिने करकचून ब्रेक लावला, मागे वळली आणि ओरडली, "बसा खाली! एकेकाला उतरवून पायी पाठवीन!"

आणि बस थरथरायला लागली.

ती पुढे वळली. धुक्यातून काळं इंजिन आलं आणि बॉनेटच्या पुढून, खाली उतरून हात लांब केला असता तर लागलं असतं इतक्या जवळून, निघून गेलं. मागून धान्याचे डबे, एकामागून एक. आता तिला शिट्टी ऐकू आली. आता तर दगडालाही ऐकू आली असती. डबे संपेपर्यंत ती स्टिअरिंगच्या चाकाला धरून बसून राहिली. मागे कोणीतरी ओकलं होतं, कोणीतरी रडत होतं. तिला एवढंच कळत होतं की पोरांनी आरडाओरडा केला नसता, आणि आपण चिडलो नसतो, तर आत्ता या जागी काही उरलं नसतं.

शाळेत पोहोचल्यावर सगळी पोरं उतरली आणि ती बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकली. आज जाऊन डेल्मरला सांगायचं, किल्ली ठेवायची. तोंड धुऊन बाहेर आली तर डेल्मरच समोरून धावत येत होता, हा एवढा तांबडालाल. ती मनात म्हणाली, संपलं. पण डेल्मरने तिला मिठी मारली. नॉर्डलीत पुरुष बायकोलाही चारचौघांत मिठी मारत नाहीत.

"आर्लिस, अगं, काय सांगू तुला!" तिचे दोन्ही दंड धरून, तोंडासमोर तोंड आणून तो बोलत होता म्हणून तिला सगळं कळलं. "पोरं सांगतायत, एवढ्या धुक्यात तुला गाडीची चाहूल लागली आणि तू जागच्या जागी ब्रेक दाबलास! ब्रिना सांगते, आजोबा, आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं, आर्लिसबाईंना आलं!"

आर्लिसने तोंड उघडलं आणि परत मिटलं. तो क्षण गेला. असे क्षण एकदाच येतात आणि गेले की त्यांची किंमत दिवसागणिक चढत जाते.

त्या संध्याकाळपासून घरी रीघ लागली. इथे लोक भावना तोंडाने बोलत नाहीत, खायला आणून देतात. खसखशीच्या, भोपळ्याच्या, चॉकलेटच्या चौकोनी वड्या, मटणाच्या खिम्याचे नि बटाट्याचे भाजलेले थर, डबेच्या डबे. सोरेनची आई तर दारातच रडायला लागली. आर्लिसने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा नवरा व्हर्लिन हा दिवसात दहा वाक्यं बोलला तर फार बोलला असा गडी. तो ते डबे फ्रीजमध्ये रचत होता. एकाही वडीला त्याने हात लावला नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती शहरात, ग्रँड फोर्क्सला गेली. नॉर्डलीत कान तपासणारं कोणी नव्हतं असं नाही, पण तिथल्या बाकावर बसलं की दुपारपर्यंत गावभर होतं. तिने व्हर्लिनला सांगितलं, कापड आणायला जाते. कापड तिने आयुष्यात कधी शिवलं नव्हतं. व्हर्लिन म्हणाला, "बरं."

तपासणारी मुलगी माय व्हँग नावाची होती, लहान चणीची, बोलताना नेमकं समोर तोंड ठेवणारी. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर हेडफोन घालून तिने किती तरी बारीक आवाज सोडले आणि आवाज आला की दाबायचं बटण आर्लिसने किती तरी वेळ दाबलंच नाही. नंतर मायने कागदावर आतल्या कानाचं चित्र काढून सांगितलं, "हे बघा, इथे एक तांदळाएवढं हाड असतं. तुमचं ते जखडलंय. घराण्यात कोणाला होतं?"

"वडिलांना."

"मग तेच. यावर शस्त्रक्रिया होते. ते हाड काढून बारीकसा दांडा बसवतात. बऱ्याच जणांना चांगला गुण येतो. पण तुमच्या आतल्या नसाही वयाने थकल्यात, त्यांना शस्त्रक्रिया काही करणार नाही. म्हणजे नंतरही यंत्र लागेलच, कदाचित हलकं. आणि एका वेळी एकच कान करतात, धोकाही थोडा असतोच. सर्जनशी बोला, घाई नाही. पण यंत्र मात्र तुम्ही आजच लावायला हवं. फार आधी लावायला हवं होतं."

"अगदी आत बसणारं असतं ना? न दिसणारं?"

"असतं. पण तुमच्याइतक्या कमी ऐकण्याला ते पुरत नाही. तुम्हाला कानामागचंच लागेल." मायने दाखवलं. ऑल्विनच्या डबीच्या मानाने ते काहीच नव्हतं, शेंगदाण्याएवढं. पण दिसत होतं. "तुम्ही काम काय करता?"

आता इथे मला आर्लिसचा राग येतो. चाळीस पोरांचा जीव कसा जाता जाता वाचला ते डोळ्यांनी बघून आलेली बाई, समोर खरं बोलायला एक परकी पोरगी, गावातलं चिटपाखरू जवळ नाही, आणि ती म्हणाली, "शाळेत जेवणघरात वाढते."

माय हसली. "मग ठीक. बस-ट्रक चालवत असता तर मी तुम्हाला असं जाऊ दिलं नसतं."

घरी येताना आर्लिसने ठरवलं, जूनमध्ये शाळा सुटली की शस्त्रक्रिया करायची, कोणाला कळणार नाही. तोवर रुळांपाशी जास्त वेळ थांबायचं, धुकं असेल तर लांबचा पुलावरचा रस्ता धरायचा. जून यायला सगळा हिवाळा बाकी होता. तिला रात्री झोप लागेना. डोळा लागला की आरशातली ती उघडी तोंडं दिसत.

नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात लुटफिस्कचं जेवण असतं. सुकवलेला मासा भिजवून भिजवून थलथलीत करतात आणि लोण्यात बुडवून, बटाट्याच्या लेफसे पोळीबरोबर खातात. आवडतो असं सगळे म्हणतात. आर्लिस नेहमीसारखी पाठ भिंतीला लावून बसली, शेजारी व्हर्लिन. जेवणं होत आली तेव्हा डेल्मर माइकपाशी गेला. तळघरातला माइक म्हणजे आर्लिसला भिंतीपलीकडचा गलका. डेल्मरचं तोंड माइकआड, मिशांआड. तो बोलत राहिला. लोक हसले, आर्लिस हसली. लोक गंभीर झाले, तीही झाली. मग सगळ्या तळघराने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि आर्लिसनेही वाजवल्या, मनापासून, मान डोलावत.

व्हर्लिनने तिच्या हातांवर आपला हात ठेवला आणि ते खाली दाबले.

तिने वर बघितलं. सगळे तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. डेल्मर एक लाकडी पाटी घेऊन तिच्याच दिशेने येत होता. पाटीवर तिचं नाव कोरलेलं होतं, एक बस आणि खाली रूळ. या लोकांत स्वतःची वाहवा करण्याइतकं वाईट पाप नाही. इथे माणूस नवी गाडी घेतली तरी चार दिवस कोठारात झाकून ठेवतो. आणि आर्लिस स्वतःसाठी टाळ्या पिटत बसली होती. लोकांना वाटलं, बाईने गंमत केली. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीही हसली. गाल दुखेपर्यंत हसली, पाटी घेतली, छातीशी धरली. ऑल्विनची डबी जेव्हा शीळ घालायची तेव्हा निदान त्याला कळायचं तरी नाही, आपल्याला हसतायत म्हणून. तिला कळत होतं.

बाहेर अंधार पडला होता. पिकअपमध्ये बसल्यावर व्हर्लिनने गाडी चालू केली नाही. आधी छतातला छोटा दिवा लावला. अंधारात बोलायचं असलं की तो हल्ली नेहमी हा दिवा लावत असे. कधीपासून आणि का, हे आर्लिसच्या एकदम लक्षात आलं आणि तिने तोंड फिरवलं. त्याने तिच्या गुडघ्यावर थोपटलं, ती बघेपर्यंत थांबला.

"त्या सकाळी तुला ऐकू आलं होतं?"

"नाही."

"बरं," व्हर्लिन म्हणाला. त्याने समोरची काच बाहीने पुसली. मग परत तिच्याकडे वळला. "मला वाटलं होतं, तू आपणहून सांगशील. मी वाट बघत बसलो. चुकलं माझं. तुझ्या बापासारखाच मीही गाडीत बसून राहिलो."

त्याला ती गोष्ट तिने लग्नाच्या आधी सांगितली होती. एकदाच. आर्लिस पाटी मांडीवर घेऊन रडली, आणि व्हर्लिनने दिवा तसाच चालू ठेवला.

सकाळी ती बसवर गेली नाही, डेल्मरच्या ऑफिसात गेली. पाटी आणि किल्ली टेबलावर ठेवली. बोलायची वाक्यं तिने वाटेत पाठ केली होती, पण ऐनवेळी एकच बाहेर आलं. "डेल्मर, मला गाडी ऐकू आली नव्हती. मला दोन वर्षं काहीच ऐकू येत नाहीये. पोरं ओरडली म्हणून मी त्यांना रागवायला थांबले."

डेल्मर आधी हसला. मग त्याचं हसू उतरत गेलं. तो उठला, खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि काहीतरी बोलला. त्याची पाठ तिच्याकडे होती.

आर्लिसच्या जिभेवर नेहमीचं "हो ना" आलं होतं. तिने ते गिळलं. "माझ्याकडे तोंड करून बोल," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही." हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

डेल्मर वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी म्हणालो, माझी नात आहे त्या बसमध्ये."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं आणि तू त्यानंतरही तीन आठवडे चालवलीस?"

"हो."

"जा," डेल्मर म्हणाला. "आत्ता जा. माझ्या तोंडून काही भलतं निघेल."

गावात दोन दिवसांत सगळं पसरलं. कोणी तोंडावर बोललं नाही, ती इथली रीत नाही. वड्यांचे डबे ज्यांचे होते ते येऊन घेऊन गेले, धुतलेले आहेत का बघून. सोरेनची आई दुकानात भेटली आणि दुसऱ्या रांगेत गेली. आर्लिसला वाटलं, बरोबरच आहे. आपणही हेच केलं असतं, बहुधा जास्त वाईट.

ती पुन्हा ग्रँड फोर्क्सला गेली, यावेळी व्हर्लिनसोबत, आणि मायला आधी तेच सांगितलं, "मी जेवणघरात नाही, बस चालवते." माय काही क्षण तिच्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं सोसायलाच हवं होतं. मग मायने कानामागची यंत्रं बसवली. केसांच्या रंगाची घ्यायची का, दिसणार नाहीत, असं तिने विचारलं. आर्लिस म्हणाली, कोणतीही द्या. यंत्रं चालू झाली आणि पहिल्यांदा तिला आपल्याच कोटाची सळसळ ऐकू आली, मग व्हर्लिनचा श्वास. त्याला नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो हे तिला कधीच माहीत नव्हतं. पहिले आठवडे डोकं उठलं, भांड्यांचा आवाज सोसवेना, पण तिने काढून ठेवली नाहीत. शस्त्रक्रियेसाठी सर्जनची वेळ घेतली, ती उन्हाळ्यातली. ते बघू म्हणाली.

जानेवारीत पुन्हा तपासणी झाली. यंत्रं लावून परीक्षा द्यायला मुभा असते, फक्त ती लावूनच बस चालवायची अशी नोंद होते. तेच डॉक्टर, तीच खोली. आर्लिसने खुर्ची उचलली आणि औषधांच्या कपाटाकडे पाठ करून बसली. डॉक्टर कुजबुजले. तिने आकडे म्हटले. एक चुकला, बाकी बरोबर होते, तेवढं चालतं. दोन महिने शोधूनही शाळेला दुसरा ड्रायव्हर मिळाला नव्हता. डेल्मरने किल्ली दिली ती टेबलावरून सरकवून, हातात नाही. "पोरांनी घरी ऐकलं असेल, तरी त्यांना तूच सांग," तो म्हणाला. "मी नाही सांगणार."

सोमवारी शाळा सुटल्यावर पोरं बसमध्ये चढली. आर्लिसने इंजिन सुरू केलं नाही. ती उठून वाटेत उभी राहिली, केस कानामागे सारले आणि यंत्रं दाखवली. हसू येईल, तिने मनाशी म्हटलं. येऊ दे. मी हसले होते.

"त्या धुक्याच्या दिवशी मला गाडी ऐकू आली नव्हती," ती म्हणाली. "मला कितीतरी दिवस ऐकू येत नव्हतं, आणि मी तुमच्यापासून लपवलं. मी नुसती ऐकल्यासारखं करत होते. तुमचा जीव गेला असता. मला लाज वाटते. माफ करा असं म्हणायलाही लाज वाटते."

कोणी हसलं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग ब्रिना म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, आर्लिसबाई."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तर पुढे बसेल त्याने ऐकायचं आणि अंगठा दाखवायचा असं ठरलं होतं. सोरेनने मला शिकवलं." तिने मागे बघितलं. सोरेनने मान खाली घातली. "त्या दिवशी मला गाडी ऐकू आली, म्हणून मी अंगठा दाखवलाच नव्हता. तुम्ही बघितलंच नाही. मग आम्ही सगळे ओरडलो."

आर्लिसने बाकाची पाठ घट्ट धरली. "मग घरी तसं का सांगितलं? मला ऐकू आलं म्हणून?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्हाला काढलं असतं," सोरेन मागून म्हणाला. "आम्ही शपथ घेतली होती. लहान पोरांनीसुद्धा."

दोन वर्षं ती या पोरांना घरी सोडत होती असं तिला वाटत होतं. दोन वर्षं ही दुधाच्या दातांची पोरं तिला रुळांपलीकडे नेत होती, आणि वर तिच्यासाठी आईबापांशी खोटं बोलली होती. ती त्यांना हसून अंगठा दाखवायची. आपण दाखवलेला तो अंगठा आठवला आणि तिला वाटलं, जमीन दुभंगावी. पण बसची फरशी काही दुभंगली नाही आणि पोरांना घरी पोहोचवायचं होतं.

ती जाऊन बसली. इंजिन सुरू केलं.

फाट्यावर पोहोचेपर्यंत ऊन कलू लागलं होतं. बर्फावर लांबच्या लांब रूळ दिसत होते. आर्लिसने बस थांबवली, हात वर केला, दार उघडलं, खिडकी उघडली. थंडी आत घुसली. आणि तिने ऐकलं. तारांवरचा वारा ऐकला, बसच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची टिकटिक ऐकली, मागे चाळीस पोरांनी रोखून धरलेला श्वास, आणि कोणाच्या तरी वाहत्या नाकाची सुरसुर. गाडी नव्हती. डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती. याची तिला खात्री होती, अनेक वर्षांत पहिल्यांदा.

तिने आरशात बघितलं. ब्रिना बाकाच्या कडेला येऊन, मान कलती करून, डोळे बारीक करून ऐकत होती. हुबेहूब आर्लिससारखी. यंत्रं आली होती तरी पोरांनी आपलं काम सोडलं नव्हतं. त्यांचा तिच्यावर अजून विश्वास नव्हता, आणि का असावा?

"मला ऐकू येतं आता, ब्रिना," असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ब्रेकवर पाय तसाच ठेवून, उघड्या दारातून येणाऱ्या थंडीत ती अंगठ्याची वाट बघत बसली.